‘सब साइज आएगा’ म्हणणाऱ्याकडून हत्यारं घेऊ नका

लिहायलाही लाज वाटते. 32 वर्षं कारखान्याच्या टूल रूमचं स्टोअर सांभाळलेला माणूस मी, आणि जहाजाची मॉडेलं करायच्या हत्यारांच्या पेटीत 6,100 रुपयांना गंडलो. 4,860 पेटीचे आणि वर 1,240 ‘कस्टम’चे, दोन्ही यूपीआयने. कस्टमचे पैसे कुणा सोम्यागोम्याच्या नंबरवर भरत नसतात, हे पुतण्यानं सांगितलं. पैसे गेल्यावर.

जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. ‘जर्मन’ 42 नग, शेवटचे 3 सेट, उलटं पळणारं घड्याळ. माझ्या गलबताचा सांगाडा तयार, फळ्या बसवायच्या बाकी. घाई होती हो.

व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल बिट धरून हातानं फिरवायच्या दांडीत, किती मिलिमीटरचा बिट बसतो? उत्तर आलं, ‘सब साइज आएगा सर.’ इथंच कळायला हवं होतं. हत्यार विकणारा माणूस आकडा बोलतो. स्टोअरच्या खिडकीत कुणी ‘सगळ्या साइजचा ड्रिल द्या’ म्हणाला असता तर चिठ्ठी त्याच्या तोंडावर परत गेली असती. मी मात्र अंगठ्याची इमोजी पाठवली.

पेटी आली. 0.8 चा बिट पिन व्हाइसच्या जबड्यात, चकमध्ये आवळला, हात उचलला, बिट फरशीवर. चिमटा दाबला की टोकं एकमेकांना ओलांडून जातात. कानशीवरचं ‘डायमंड’ सागावर चार हात मारताच बोटांना चमचम लागलं.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. चौकीत म्हणाले, “पार्सल मिळालं ना काका? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” तिथं विक्रेत्याचा पत्ता पाहिजे. अरे, पत्ता असता तर मीच नसतो का गेलो त्याच्या दारात? ऑनलाइन तक्रार केली, सात आठवड्यांनी मेसेज आला: बंद. कुणी बंद केली, का केली, पत्ता नाही. वर चौकीतला पोरगा विचारतो, “खेळण्यातल्या बोटीला सहा हजार?”

संच घेऊच नका, सुटं घ्या. सोनारांची हत्यारं विकतात त्या दुकानात बारीक कानशी आणि करवत मिळते. चिमटा उजेडासमोर धरून दाबा, टोकांत फट दिसली की परत. पिन व्हाइस घ्यायला जाताना आपला सगळ्यात बारीक बिट खिशात न्या. क्लॅम्पवर खर्च कशाला, फळी चिकटेपर्यंत कपड्यांचे चिमटे धरतात. माझं सगळं 1,385 मध्ये आलं, पॉलिश पेपर धरून.

घरी मी गंडल्याचा आकडा 1,900 सांगितलाय. वाचणाऱ्या नातेवाइकांनी कृपया तोंड बंद ठेवावं.