स्लिप मारणारा जुना डोझर: दुरुस्तीनंतर पूर्ण हंगाम चालवल्याचा अनुभव

चांदवड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागेसाठी मुरमाड उताराची जमीन फोडून सपाट करून द्यायची, हे आमचं काम. त्यासाठी दिवाळीनंतर एक जुना डोझर घेतला. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स (तेलाच्या दाबाने क्लच धरून गिअर बदलणारा), मागे रिपर (जमीन फोडायचा दात). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता, वयाचा आणि देखभालीचा होता. आता मे महिना सरत आलाय, तेव्हा जुनी मशीन घेऊ पाहणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो.

इंजिन, चेन (चाकांऐवजी असणारे लोखंडी पट्टे), रोलर बघून व्यवहार केला होता. गिअरबॉक्स थकलेला आहे हे सांगूनच मालकाने किंमत कमी केली होती. सकाळी गाडी ठणठणीत चालायची. तेल तापलं की दुखणं सुरू. गाडी पुढे नेताना ब्लेड भरलं की इंजिन नुसतं ओरडायचं, चेन जागची हलायची नाही. यालाच स्लिप म्हणतात. लिव्हर टाकल्यावर गाडी उचलायलाही उशीर लागायचा. मागे घेताना मात्र त्याच चढावर गाडी बिनतक्रार चढायची. हा पुढचा-मागचा फरक फार महत्त्वाचा आहे, पण ज्या दोन ठिकाणी गाडी दाखवली तिथे तो कुणी विचारलाच नाही. दोघांनीही थेट पूर्ण ओव्हरहॉलचं कोटेशन हातात दिलं.

मग मालेगावचे एक जुने मिस्त्री भेटले, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. "पहिले गेज लावू, पाना मागाहून," हे त्यांचं पहिलं वाक्य. म्हणजे आधी तेलाचा दाब मोजायचा, खोलायचं नंतर. या अनुभवातून मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा तपशील.

पॉवरशिफ्टमध्ये गाडी चालायला एका वेळी दोन क्लच धरावे लागतात, एक दिशेचा आणि एक वेगाचा. त्यामुळे स्लिप कुठे होते यावरूनच निम्मं निदान होतं. पुढे-मागे सगळ्याच गिअरला स्लिप असेल तर संशय तेलाच्या पातळीवर, सक्शनच्या जाळीवर, पंपावर, दाब मर्यादेत ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवर किंवा कन्व्हर्टरवर. दोन्ही दिशांना एकाच गिअरला असेल तर त्या गिअरचा क्लच. पुढच्या सगळ्या गिअरला आणि मागे काहीच नाही, तर फॉरवर्ड क्लच. आणि गाडी लोडवर एका बाजूला ओढत असेल, एकच चेन मागे पडत असेल, तर गिअरबॉक्सला हात न लावता आधी त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच बघायचा.

आमच्या गाडीत आधीच्या मालकाने इंजिनचंच १५डब्ल्यू-४० तेल भरलेलं होतं. इंजिन तेलातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लचच्या प्लेटांना नको असतात. ट्रान्समिशनसाठी टीओ-४ दर्जाचं तेल वेगळं मिळतं, आमच्याकडच्या उन्हाला त्यातलं ३० ग्रेडचं चालतं. मॅन्युअल बघून तेच भरलं, जाळी धुतली, फिल्टर बदलला. पातळी मॅन्युअलप्रमाणे तेल गरम असताना, इंजिन आयडलवर ठेवून बघितली. फरक पडला, पण अर्धाच. स्लिप आधीसारखी लवकर न येता दुपारी यायला लागली.

जुना फिल्टर चाचांनी फेकू दिला नाही. पत्रा कापून आतला कागद पांढऱ्या फडक्यावर पसरला आणि वरून चुंबक फिरवलं. बारीक पिवळसर चमकी फडक्यावर तशीच राहिली, चुंबकाला चिकटली नाही. म्हणजे ती क्लच प्लेटांवरच्या ब्राँझची. लोखंडी पापुद्रे निघाले असते तर बेअरिंग किंवा गिअरची काळजी होती, ते निघाले नाहीत. दोन-चार काळे कडक कण होते, ते रबरी सीलचे.

मग गेज लावलं. तेल थंड असताना प्रेशर मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं, पुढे-मागे सारखंच. तेल तापवून रिव्हर्सला टाकलं, काटा जागेवर. फॉरवर्डला टाकलं की काटा खाली बसायचा. पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह तिथेच निर्दोष सुटले. थंड तेल जाड असतं, त्यामुळे कडक झालेल्या सीलमधूनही फारसं निसटत नाही. पातळ झालं की गळतं, पिस्टनला दाब पुरत नाही आणि प्लेटा घसरतात. घसरल्या की आणखी तापतात. स्टॉल टेस्टही केली, म्हणजे गाडी अडवून धरून इंजिनचे आरपीएम किती चढतात ते बघितलं: ब्रेक लॉक, ब्लेड जमिनीवर, समोर कुणी नाही, सगळ्यात वरचा गिअर, पूर्ण रेस, तीही काही सेकंदच. फॉरवर्डला आरपीएम मर्यादेच्या वर गेले, रिव्हर्सला मर्यादेत राहिले. कन्व्हर्टरही सुटला.

बॉक्स उतरवावा लागलाच, पण काम एकाच क्लचचं निघालं. पिस्टनचं सील, शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा, फ्रिक्शन प्लेटा आणि निळ्या पडलेल्या स्टील प्लेटा बदलल्या. बाकी क्लचच्या प्लेटा मापात होत्या, त्या तशाच ठेवल्या. खर्च पूर्ण ओव्हरहॉलच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी आला.

त्यानंतरचा हंगाम समाधानाचा गेला. एप्रिलच्या उन्हातही दुपारी गाडी भरलेलं ब्लेड घेऊन चढते. लिव्हर टाकली की लगेच उचलते. कठीण मुरमात रिपर फक्त पहिल्या गिअरला लावतो. चेन थांबून इंजिन दबायला लागलं की रिपर थोडा उचलायचा, कारण तशा थांबलेल्या अवस्थेत कन्व्हर्टरचं तेल झपाट्याने तापतं. तापलंच तर न्यूट्रलला टाकून इंजिन मध्यम रेसवर चालू ठेवतो, बंद करत नाही. आमचे ऑपरेटर मामा आता फुल रेसमध्ये पुढून मागे गिअर टाकत नाहीत, आधी डिसिलरेटरचं (रेस कमी करणारं) पेडल दाबतात. नव्या प्लेटा टिकवण्यात या सवयीचा वाटा मला सगळ्यात मोठा वाटतो. दुरुस्तीनंतरचा पहिला फिल्टर मुद्दाम लवकर काढून कापला. थोडी चमकी होती. पुढच्या फिल्टरला जवळपास नव्हतीच.

उणिवा आहेत. नव्या गाडीच्या मानाने डिझेल जास्त लागतं. ऑइल कूलरच्या जाळीत धूळ बसली की तापमानाचा काटा चढतो, म्हणून उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी हवेने साफ करावी लागते. डावा स्टिअरिंग क्लच उतारावर लोड असताना थोडा सैल वाटतो. रोजंदारीवर सलग मोठं काम असेल आणि गाडी एक दिवसही थांबून चालणार नसेल, तर इतकी जुनी मशीन घेऊ नका. हंगामी काम आणि हाताशी चांगला मिस्त्री असेल तर जरूर घ्या. फक्त व्यवहाराआधी विकणाऱ्याला गाडी तासभर लोडवर चालवायला लावा आणि तेल गरम असतानाच दोन्ही दिशांचं प्रेशर मोजा. थंड गाडीची चाचणी घेऊन स्लिप कळत नाही.

डावा स्टिअरिंग क्लच पावसाळ्यात काम बंद असताना खोलणार आहोत. चाचांना जूनची तारीख दिली आहे, आणि खोलण्याआधी लिंकेजचं (लिव्हरपासून क्लचपर्यंतच्या जोडदांड्यांचं) अ‍ॅडजस्टमेंट बघायचं ठरलंय.