चौदा हजारांचा चंद्रकांत

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जाणार असाल तर हे वाचून जा. लिहायला मला 5 महिने लागले, कारण पैसे गेल्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. आम्हाला फसवायला लागणारा सगळा मालमसाला मीच हौसेने पुरवला होता.

आई आणि मी दोघीच गेलो होतो. बाबांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून ते सांगलीला घरी. हिक्कडुवा गावात पहिल्याच दिवशी एक टुकटुकवाला भेटला. आईला 'अम्मा' आणि मला 'अक्का' म्हणायचा. सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे कुणी मिरजेचाच माणूस बोलतोय असं वाटायचं. नाश्त्याच्या वेळी त्याने विचारलं, बाबा का नाही आले? त्यांचं नाव काय? आई उखाण्याशिवाय नाव घेत नाही. मग मीच सांगितलं, चंद्रकांत. वर अर्थही सांगितला, मूनस्टोन!

तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "अक्का, मूनस्टोनच्या खाणी तर इथे जवळच आहेत, मीटियागोडाला. पण घाई नाही, वाटेत बघू."

तो दिवस फार छान गेला, हेही सांगायला हवं. त्याने स्वतःच्या पैशांनी थांबिली पाजली, म्हणजे तिथलं केशरी शहाळं. पेरलियाला बुद्धाच्या उंच मूर्तीपाशी थांबवलं. 2004 च्या त्सुनामीत इथेच लाटेने अख्खी रेल्वेगाडी उलथवली, हजाराहून जास्त माणसं गेली. माझी मावशी त्या गाडीत होती, असं तो म्हणाला. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मावशीचं खरं असेलही. खोटं असेल तर मला ते कळायलाच नको. बालपिटियाला मादू गंगेत बोटीने फिरलो, दोन्ही बाजूंना खारफुटी, अगदी आपल्या कर्लीच्या खाडीसारखी. एका बेटावर म्हाताऱ्याने दालचिनीची साल सोलून दाखवली. तिथे टुकटुकवाल्याने काहीच घ्यायला लावलं नाही. उलट "महाग लावतात, नका घेऊ" म्हणाला. तिथेच आमचा पुरता विश्वास बसला.

परतताना खाण. झावळ्यांचं छप्पर, खाली विहिरीसारखा चौकोनी खड्डा, पंपाची घरघर. चिखलाने माखलेला माणूस टोपली घेऊन वर आला, पाण्यात खडी हलवली आणि दुधी रंगाचा एक खडा काढून थेट आईच्या तळहातावर ठेवला. ओला, गार. मीटियागोडाला खऱ्या खाणी आहेत, तो खडाही कदाचित खरा असेल. पण तो त्यांनी परत घेतला. मग शेजारच्या एसी दुकानात काळ्या मखमलीवर चांदीची अंगठी ठेवली, आत निळसर चमकणारा खडा. 85,000 श्रीलंकन रुपये सांगितले, 50,000 ला सुटली. म्हणजे आपले साधारण 14,000. वर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. टुकटुकवाला दारातच उभा होता. "अम्मा, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही हं," म्हणाला. इतकं म्हटल्यावर कोण नाही घेणार?

अंगठी सैल होत होती म्हणून घरी आल्यावर आमच्या सराफांकडे नेली. त्यांनी ती आधी काळ्या पाकिटावर ठेवली, निळी दिसली. मग ट्यूबलाइटसमोर धरली, तर तोच खडा पिवळट नारिंगी. मला भिंग दिलं आणि म्हणाले, "ताई, उजवीकडे बघा, बुडबुडा." होता. मोहरीपेक्षाही बारीक, पण अगदी गोल. काच! ओपलाइट म्हणतात तिला, कारखान्यात बनते. चांदीचे काय येतील तेवढेच.

खऱ्या चंद्रकांताची झाक खडा तिरका केला की पृष्ठभागावरून सरकते. ओपलाइट सगळीकडे सारखंच धुकट असतं. मोबाइलच्या टॉर्चसमोर खडा धरायला 10 सेकंद लागतात. मी त्या मोबाइलवर तेव्हा आईचे फोटो काढत होते. काळी मखमल मागे असेल तर ती बाजूला करायला सांगा. दुकानानेच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद. कोलंबोत राष्ट्रीय रत्न व आभूषण प्राधिकरण आहे, तिथे खडे तपासतात. "आधी तिथे दाखवू, मग पैसे देऊ" म्हणा आणि विकणाऱ्याचा चेहरा बघा. ज्याच्या गाडीतून आलात त्याच्यासोबत तर दुकानात जाऊच नका, त्याचं कमिशन तुमच्याच किमतीत धरलेलं असतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काचेचा का होईना, माझ्या नावाला चौदा हजार आले." आई मात्र हसली नाही. अंगठी देवघराच्या खणात आहे.

टुकटुकवाला मला रोज सकाळी बुद्धाच्या फोटोसह गुड मॉर्निंग पाठवायचा. मी त्याला भिंगातून काढलेला बुडबुड्याचा फोटो पाठवला, सोबत एक अक्षरही न लिहिता. दोन निळ्या खुणा आल्या. त्या दिवसापासून गुड मॉर्निंग बंद आहे.