मिरर काचेचा स्विमिंग गॉगल: चाळिशीनंतर पोहायला शिकताना वापरून आलेला अनुभव

कंपनीचा काल शेवटचा मेल आला की गॉगलच्या मिरर कोटिंगची झीज वॉरंटीत बसत नाही, म्हणून आज हे लिहायला बसले. स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, सिलिकॉनची कड, बदलता येणारे नोजपीस, अँटीफॉग, यूव्ही, ते परत टाइप करत नाही. मला बोलायचंय ते मिररबद्दल.

आधी एक सांगते, मी हा गॉगल पोहता येत नसताना घेतला. मोठ्यांच्या बॅचला उथळ बाजूला काठ धरून पाय मारायला लावतात आणि शेजारच्या लेनमधून लहान पोरं सपासप जात असतात, तेव्हा पाण्याची भीती असतेच, पण माझ्यासाठी त्याहून जड होतं ते लोकांचं बघणं. डोकं पाण्यातून वर आलं की श्वास घ्यायच्या आधी नजर काठावर जायची, कुणी बघितलं का. मिरर काच घातली आणि ते थांबलं, कारण माझे डोळे कुणाला दिसतच नव्हते. खरं तर मिरर असतो उघड्यावरच्या पूलसाठी, काचेच्या बाहेरच्या बाजूला धातूचा अगदी पातळ थर असतो, तो ऊन परतवतो. मी जाते तो पूल छताखालचा, तिथे याची काही गरज नाही, उलट जरा अंधारंच वाटतं. तरी सुरुवातीचे महिने मी हाच घालून गेले आणि त्या वेळी कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

सीलबद्दलही तेच. पाणी आत येत नाही, म्हणजे नाहीच. नवशिक्याला याची किंमत जास्त आहे, कारण एक थेंब आत आला तरी हात आपोआप डोळ्याकडे जातो आणि पुढचं सगळं बिघडतं. गॉगल नसताना पाण्याखाली पुसट दिसतं, कारण डोळ्याचा बाहेरचा पारदर्शक पडदा आणि पाणी दोन्ही प्रकाश जवळपास सारखाच वाकवतात, मग डोळ्याला फोकस जमत नाही. गॉगलमधल्या हवेमुळे तो परत मिळतो. फक्त एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यांनी सांगायला हवी, सपाट काचेतून पाण्याखालचं सगळं साधारण पाव अंतराने जवळ दिसतं. तळ जवळ दिसतो म्हणून पाय टेकवायला जावं तर तो आणखी खाली असतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात नाकातोंडात पाणी जातं. ज्यांना घाबरायला होतं त्यांनी तळाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, आधी काठ धरून पायाने घ्या.

आता मत कुठे बदललं ते सांगते. फ्रीस्टाइलचा श्वास सुरू झाला आणि माझं तिथेच अडलं. हात ठीक, पाय ठीक, श्वासाला वळलं की कंबर खाली जायची. सर बरेच दिवस बघत होते, मग म्हणाले, "मॅडम, तुमचे डोळेच दिसत नाहीत मला. तुम्ही दमलाय का घाबरलाय, मी ओळखू कसं?" मला ते आवडलं नाही, पण मुद्दा खरा आहे. पाण्यात अडकलेला माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, त्याचं तोंड श्वासातच गुंतलेलं असतं, त्यामुळे चेहरा वाचणं हे शिकवणाऱ्याचं कामच आहे. त्यांनी त्यांच्याकडचा साध्या पारदर्शक काचेचा गॉगल दिला आणि एका फेरीतच त्यांना कळलं, श्वासाला वळायच्या जरा आधी मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. डोळे मिटले की मान वर उचलली जाते, मान वर गेली की पाय बुडतात. इतके दिवस सगळे मला मान वळव, खांदा वळव, कंबर वर ठेव सांगत होते आणि मी पाण्यात या सगळ्याची यादी मनात म्हणत होते.

सरांनी मग फक्त एवढंच सांगितलं, वळताना एक काच पाण्यात राहू दे, एका काचेतून तळ दिसला पाहिजे आणि दुसरीतून छत. बास. मान, खांदा काही नाही. त्याच आठवड्यात श्वास बसायला लागला. यामागे अभ्यास आहे हे नंतर वाचलं, हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएले वुल्फ यांनी अनेक वर्षं यावर काम केलंय, लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या गोष्टीवर किंवा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल चांगली होते. पोहणाऱ्यांवरही असे प्रयोग झालेत, हात मागे ओढ म्हणण्यापेक्षा पाणी मागे ढकल म्हटलं तर वेग वाढतो. मोठ्या वयात शिकणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं असं मला फार वाटतं, कारण आपण सतत आपल्याच शरीराकडे बघत असतो, कसं दिसतंय, पोट दिसतंय का, पाय वाकडे जातायत का, आणि त्यातच शिकणं अडकून पडतं. मिररने मला लोकांपासून लपवलं हे खरं, पण स्वतःकडे बघणं त्याने थांबलं नव्हतं. ते थांबलं काचेतून तळ शोधायला लागल्यावर.

आणि पारदर्शक काच घालून गेले त्या दिवशी कुणी वळूनही बघितलं नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 चा प्रयोग प्रसिद्ध आहे, लाज वाटेल असा टीशर्ट घातलेल्यांना वाटलं होतं की खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्या आला.

आता कंपनीबद्दल. डाव्या काचेचा मिरर कडेपासून सुटायला लागला, आधी नखाएवढा, मग पापुद्रे. मी दर वेळी साध्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळवून, पाऊचमध्येच ठेवत आलेय. बॉक्सवर क्लोरीन रेझिस्टंट छापलंय. कस्टमर केअरला फोटो पाठवला, मग बिल मागितलं, मग दुसऱ्या बाजूने फोटो, मग आठवडाभर काही नाही, आणि शेवटी उत्तर काय तर क्लोरीनच्या संपर्काने होणारी झीज नैसर्गिक आहे. पूलमध्ये घालायच्या वस्तूला हे उत्तर मला मान्य नाही आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांनी बॉक्स वाचायला हवा होता. जपून वापरलेली वस्तू अशी फेकायला जिवावर येतं. मी उजवीकडे श्वास घेते, म्हणजे पाण्यात राहते ती नेमकी डावी काच, आणि त्या पापुद्र्यांमुळे तळाची रेघ तुटक दिसते.

अँटीफॉग सगळ्यांचं जातं तसं याचंही गेलं. आतून बोट लावू नका, तो थर घासला की संपला. बेबी शाम्पूचा एक थेंब आत फिरवून हलकं धुतलं की वाफेचे थेंब न होता पाण्याचा पातळ थर राहतो आणि दिसतं. पट्टा अजून ताठ आहे.

सीलला पाच, मिररला दोन, सर्व्हिसला एक. शिकत असाल आणि शिकवणारा काठावर उभा असेल तर पारदर्शक काचच घ्या, मिरर उन्हातल्या पूलसाठी ठेवा. मी याच मॉडेलचा क्लिअर घेणार आहे, कारण माझ्या नाकाला दुसरा कुठलाच नीट बसला नाही, पण या वेळी बॉक्सचा फोटो आणि बिल पहिल्याच दिवशी मेलवर टाकून ठेवणार.