तळघरातील कोळशाची शेगडी आणि वरच्या खोल्यांची ऊब: कोणती पद्धत कोणत्या घराला

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागातील स्क्रँटन, विल्क्स-बॅरी, हेझल्टन, पॉट्सव्हिल या पट्ट्यात जुने दुमजली घर विकत घेणाऱ्याला तळघरात कोळशाची शेगडी अनेकदा आयतीच मिळते. ही आपल्याकडची स्वयंपाकाची उघडी शेगडी नव्हे; दार, जाळी, राखेचा कप्पा आणि धुरांड्याला जोडलेला नळ असलेली ती बिडाची किंवा पोलादाची बंद पेटी असते. या भागाच्या भूगर्भात अँथ्रासाइट हा कठीण दगडी कोळसा आहे, आणि विल्क्स-बॅरी येथे जेसी फेल यांनी 1808 मध्ये तो भात्याच्या झोताशिवाय साध्या लोखंडी जाळीवर जळतो हे दाखवून दिल्यानंतर तो इथल्या घराघरांत शिरला. एक किलो चांगल्या अँथ्रासाइटमध्ये सुमारे 8 युनिट उष्णता असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर आपण मोजतो तेच. दिवसाला 25 किलो कोळसा जाळला, तर धुरांड्यातून जाणारा वाटा धरून 200 युनिट उष्णता तळघरात निर्माण होते. उष्णतेची टंचाई नसते. तरीही तळघरात बनियनवर बसावे लागते आणि वरच्या मजल्यावर झोपताना दोन रजया लागतात, ही तक्रार मात्र नेहमीची आहे.

ती उष्णता वर नेण्याचे चार मार्ग आहेत: जिना व वरच्या मजल्याच्या जमिनीतील जाळ्यांतून हवेला आपोआप फिरू देणे, त्याच वाटांवर पंखे लावणे, शेगडीवर आवरण बसवून डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या हवानळातून, गरम हवा नेणे, आणि शेगडीत पाण्याच्या नळीचे वेटोळे बसवून वरच्या खोल्यांतले रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरणारे धातूचे पंजर, तापवणे. मात्र यांपैकी काहीही निवडण्याआधी तळघराच्या भिंतींकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. जुन्या घरांचे तळघर दगडाचे किंवा उघड्या काँक्रीटचे असते. त्याची परिमिती 36 मीटर आणि जमिनीच्या वर दिसणारा भाग 60 सेंटीमीटर धरला, आत 25 अंश सेल्सिअस व बाहेर उणे 5 अंश असले, तर केवळ तेवढ्या उघड्या पट्ट्यातून 2 किलोवॉटच्या आसपास उष्णता अंगणात जाते. तीच भिंत आतून 5 सेंटीमीटर जाड फोमच्या तक्त्यांनी झाकली आणि त्यावर आगीपासून संरक्षणासाठी जिप्समचा बोर्ड लावला, तर ही गळती साधारण एक षष्ठांशावर येते. भिंतीच्या माथ्यावर जिथे लाकडी तुळया टेकतात तिथल्या फटीही त्याच वेळी बुजवाव्यात. ज्याने हे केले नाही त्याला चारही पद्धती कमीच पडतील, आणि दोष पद्धतीला दिला जाईल.

पहिला मार्ग स्वस्त आहे आणि वीज गेली तरी चालतो. त्याचे काम एका गोष्टीवर ठरते, आणि नेमकी तीच विसरली जाते: गरम हवा वर जाण्यासाठी तेवढीच थंड हवा खाली यावी लागते. शेगडीच्या बरोबर वर जमीन कापून एक जाळी बसवली आणि जिन्याचे दार बंद ठेवले, तर जाळीतून फारसे काही येत नाही, कारण वरची थंड हवा खाली उतरायला वाट नसते. म्हणून एक जाळी शेगडीच्या वर आणि दुसरी घराच्या दूरच्या टोकाला, बाहेरच्या भिंतीजवळ, असावी. थंड हवा तिथेच साचते. उघड्या दाराचा जिना दोन्ही कामे करतो: दाराच्या वरच्या भागातून ऊब वर जाते आणि पायऱ्यांना लगटून गारवा खाली उतरतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर दारात उदबत्ती धरावी. चौकटीच्या वरच्या बाजूला धूर घरात वळला आणि उंबऱ्याशी धरल्यावर तो तळघराकडे ओढला गेला, तर फेरा चालू आहे असे समजावे. या पद्धतीने पहिल्या, म्हणजे तळघराच्या लगेच वरच्या, मजल्याचा मधला भाग चांगला तापतो. दुसऱ्या मजल्यावरच्या, दार बंद असलेल्या कोपऱ्यातील खोलीपर्यंत मात्र ती क्वचितच पोहोचते. शिवाय जमिनीतील प्रत्येक भोक म्हणजे तळघरातील आगीला वर येण्याची वाट आहे. त्यामुळे जाळीत उष्णतेने वितळणाऱ्या कडीची झडप बसवावी. अशा कड्या साधारण 74 अंशांना तुटतात आणि झडप मिटते. स्थानिक बांधकाम अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय जमीन कापू नये.

दुसऱ्या मार्गात बहुतेकांची पहिली चूक होते, ती म्हणजे शेगडीजवळ पंखा ठेवून गरम हवा जिन्यातून वर ढकलण्याचा प्रयत्न. गरम हवा विरळ असते आणि सैरभैर होते. थंड हवा जड असते आणि ढकलली की सरळ जाते. म्हणून छोटा पंखा जिन्याच्या माथ्यावर, जमिनीलगत, तोंड तळघराकडे करून ठेवावा. खाली ढकललेल्या गारव्याच्या बदल्यात ऊब आपोआप वर येते. चार पद्धतींमध्ये खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फळ हाच बदल देतो, असे मी म्हणेन.

पंख्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र जिवाशी संबंधित आहे. अँथ्रासाइट जवळजवळ धूर न करता, निळसर आखूड ज्वाळेने जळतो, त्यामुळे त्याचा वायू खोलीत आला तर डोळ्यांना दिसत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. तळघरातील हवा बाहेर ओढणारा कोणताही पंखा धुरांड्याची ओढ उलटी करू शकतो. कपडे वाळवण्याचे यंत्र आणि स्नानगृहातील पंखा हेही हवा बाहेरच टाकतात. घरात आधीच गॅसची किंवा तेलाची फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा पुरवणारी भट्टी, असेल, तर खोल्यांतली थंड हवा तिच्याकडे आणणाऱ्या परतीच्या डक्टला शेगडीजवळ भोक पाडून तिच्याच ब्लोअरने, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याने, ऊब फिरवावी, ही कल्पना अनेकांना सुचते. ती करू नये. तिथले बांधकाम नियम ज्वलनपेटी असलेल्या खोलीत तिच्यापासून 10 फुटांच्या, म्हणजे सुमारे 3 मीटरच्या, आत परतीची हवा घेण्यास मनाई करतात, आणि कारण हेच आहे: ब्लोअर शेगडीतला वायू ओढून झोपण्याच्या खोल्यांत वाटतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळघरात, प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर असलाच पाहिजे, मग पद्धत कोणतीही असो.

तिसरा मार्ग या धोक्याला बऱ्याच अंशी वळसा घालतो. काही शेगड्यांना, विशेषतः तांदळाच्या आकाराचा बारीक कोळसा यंत्राने आत सरकवणाऱ्या स्टोकर शेगड्यांना, पत्र्याचे बाह्य आवरण आणि वर डक्टचे तोंड बसवता येते. हवा ज्वलनपेटीच्या बाहेरून, आतल्या वायूत न मिसळता तापते आणि डक्टमधून ठरलेल्या खोलीत जाते. ही सोय निर्मात्यानेच दिलेली असेल तरच घ्यावी. घरी पत्रा वाकवून केलेल्या आवरणात शेगडीचे तापमान कुठवर जाईल आणि शेजारचे लाकूड किती तापेल याचा भरवसा नसतो. डक्ट निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर लाकडापासून दूर ठेवावा, आणि परतीची वाट इथेही लागतेच. खर्च मध्यम, परिणाम पहिल्या मजल्यावर उत्तम.

चौथ्या मार्गाचे बळ आकड्यांत दिसते. 15 अंशांच्या फरकाने 1 किलोवॉट उष्णता हवेतून न्यायची तर तासाला सुमारे 200 घनमीटर हवा हलवावी लागते, म्हणजे चार मीटर लांबी-रुंदीच्या आणि अडीच मीटर उंचीच्या खोलीतील सगळी हवा तासात पाच वेळा. तेच काम 10 अंशांनी गार होणारे पाणी करते, तेव्हा मिनिटाला दीड लिटरही पुरते, आणि ते बोटाएवढ्या नळीतून भिंतीच्या पोटातून दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात पोहोचते. जमीन कापावी लागत नाही, आवाज नाही, धूळ उडत नाही. पण ज्यांनी लहानपणी तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना आठवेल की त्याचे झाकण सैल असे, आणि पाणी उकळले तर वाफ निमूटपणे बाहेर पडे. शेगडीतले वेटोळे हा बंद बंब आहे. वीज गेली, पंप थांबला, तरी कोळसा विझत नाही; साठलेले पाणी वाफ होते आणि सुटकेची वाट नसेल तर नळी फुटते. त्यामुळे दाब वाढताच उघडणारी दाबमोचक झडप, तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी प्रसरण टाकी, आणि वीज जाताच आपोआप उघडणाऱ्या झडपेमुळे पाणी पंपाशिवाय फिरत राहील असा वरचा रेडिएटर, या तिन्ही गोष्टी अपरिहार्य आहेत. वेटोळे ज्वलनपेटीतून जितकी उष्णता घेते तितकी ती तळघराला कमी मिळते, आणि फार मोठे वेटोळे विस्तवच गार करते. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

घर लहान, जिना मध्यावर, आणि थंडीत वीज वारंवार जाणारी असेल, तर हाताने कोळसा घालण्याची शेगडी, झडप असलेल्या दोन जाळ्या आणि जिन्याच्या माथ्यावरचा पंखा यांवर थांबावे. वीज गेली तर पंखा थांबेल, फेरा मंदावेल, पण तुटणार नाही. घर लांबट असेल आणि शेगडी नवीन घ्यायचीच असेल, तर निर्मात्याच्या डक्टजोडणीची स्टोकर पाहावी, मात्र तिला विजेची गरज असते हे लक्षात ठेवून. घरात पूर्वीपासून गरम पाण्याचे रेडिएटर असतील, तर चौथा मार्ग खर्चाला पुरतो, कारण अर्धे काम झालेले असते. तसे नसेल तर केवळ एका गार खोलीसाठी तो घेऊ नये. त्या खोलीचे दार दिवसा उघडे ठेवावे, दाराखाली दोन बोटे फट सोडावी, आणि एक हिवाळा थर्मामीटर टांगून पाहावा.