सोलापूरचं महिनावार तापमान-पाऊस: आकडे वेधशाळेचे घ्यावेत, महावेधचे की ग्रिडचे?

कुणाला डाळिंबाचा बहार ठरवायचा असतो, कुणाला शेततळ्याचं माप काढायचं असतं, कुणाला फळपीक विम्याचा हिशेब ताडून पाहायचा असतो, तर कुणाला प्रबंधासाठी तीस वर्षांची मालिका हवी असते. मागणी प्रत्येकाची एकच: "सोलापूरचा महिनावार पाऊस आणि तापमान द्या." पण चौघांनी एकच तक्ता उचलला, तर त्यातल्या दोघांचं तरी गणित फसणार. हाताशी असलेल्या नोंदी मुख्यतः तीन आहेत: भारतीय हवामानशास्त्र विभागाची सोलापूर वेधशाळा, महसूल मंडळांतली महावेधची स्वयंचलित केंद्रं आणि हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा ग्रिड डेटा, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी काढलेले आकडे.

वेधशाळेपासून सुरुवात करू. सोलापूर केंद्राचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ४३११७. पोर्टलवर "सोलापूर" शोधताना हा क्रमांक जुळवून घ्या, कारण त्याच नावाखाली जिल्ह्याची सरासरीही मिळते आणि ती वेगळी गोष्ट आहे. इथली मालिका लांब आहे आणि मोजण्याची पद्धत ठरलेली आहे: स्टीव्हन्सन पेटीतले (ऊन थेट न लागणाऱ्या झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीतले) तापमापक, उघड्या जागेतला पर्जन्यमापक, सकाळी साडेआठला पावसाचं वाचन. १९९१ ते २०२० ची तीस वर्षांची सरासरी, म्हणजे आजचं "सामान्य" मान काढायचं, तर ते अशाच मालिकेवरून. डेटा पुणे कार्यालयाच्या डेटा पुरवठा पोर्टलवर नोंदणी करून मागवावा लागतो. विद्यार्थ्यांनी संस्थेचं पत्र आधीच तयार ठेवावं, वेळ तिथेच जातो.

यात एक खाच आहे. १ जूनच्या नावावर लिहिलेला पाऊस ३१ मेच्या सकाळी साडेआठपासून १ जूनच्या साडेआठपर्यंत पडलेला असतो. ३१ मेच्या संध्याकाळी वळीव कोसळला, तर तो जूनच्या खात्यात जमा होतो. मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरणाऱ्या मालिकेशी ताडून पाहिलं, तर मे-जूनच्या बेरजा जुळत नाहीत आणि लोक उगाच केंद्राला दोष देतात. पावसाचा दिवस म्हणजे २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस. नुसत्या शिडकाव्याचे दिवस त्यात मोजू नका.

वेधशाळेची खरी मर्यादा अंतराची. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. पश्चिमेचे सांगोला, माळशिरस घाटाच्या पर्जन्यछायेत जास्त कोरडे. पूर्वेला बार्शी, अक्कलकोटकडे तुलनेने बरा. शहराचा आकडा सांगोल्याच्या शेततळ्याला लावला, तर तळं मोठं होईल आणि पाणी कमी पडेल. तापमानाला हा धोका कमी, कारण ते अंतरानुसार पावसाइतकं झपाट्याने बदलत नाही. करमाळ्याकडच्यांनी जेऊरच्या नोंदीही पाहाव्यात.

महावेध ही उणीव भरून काढतं. राज्य सरकारने स्कायमेट या खासगी हवामान कंपनीबरोबर २०१७ पासून महसूल मंडळनिहाय केंद्रं उभारली. राज्यात ती दोन हजारांहून अधिक आहेत आणि तापमान, पाऊस, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा दर दहा मिनिटांनी नोंदवतात. मोहोळमध्ये ढग फुटला आणि शेजारच्या मंडळात धूळ उडाली, हे इथेच दिसतं. पण इतक्या थोड्या वर्षांवरून "सप्टेंबरची सरासरी" काढू नये. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आलेलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र जिल्ह्यावरून गेलं आणि अतिवृष्टी झाली. सात-आठ वर्षांच्या सरासरीत असा एक ऑक्टोबर सगळा महिना फुगवून टाकतो. तीस वर्षांत त्याचं वजन कमी होतं; तरीही आमचा सल्ला असा की सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात पावसाच्या सरासरीशेजारी मध्यक लिहावाच. वर्षं चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घ्यायची, बस्स. शेततळ्याचं माप मध्यकावर किंवा त्याहून खालच्या, चारपैकी तीन वर्षं तरी मिळेल अशा आकड्यावर धरा.

स्वयंचलित पर्जन्यमापकात छोटी दोलायमान बादली असते, ०.२ किंवा ०.५ मिमी पाणी भरलं की ती उलटते आणि एक टिचकी नोंदली जाते. मुसळधार पावसात बादली उलटत असतानाही पाणी पडतच राहतं, त्यामुळे नोंद कमी येते. त्याहून त्रासदायक म्हणजे गाळणीत अडकलेली माती, पालापाचोळा, पक्ष्यांची घाण. मग शेजारच्या तीन मंडळांत ४० मिमी आणि तुमच्याकडे शून्य. असा शून्य दिसला की त्याच तासाची आर्द्रता आणि तापमान बघा. आर्द्रता एकदम वर, तापमान झपकन खाली आणि पाऊस शून्य असेल, तर संशय केंद्रावर घ्या, ढगावर नको.

मंडळाचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात. जुन्या वर्षांची हाताने मोजलेली नोंद आणि नंतरची स्वयंचलित नोंद एकाच रकान्यात लागोपाठ ठेवली, तर मधेच यंत्र बदललेलं असतं, कधी जागाही. सांधा तपासायला सोपी रीत: एका अक्षावर तुमच्या केंद्राची वर्षानुवर्षाची चढती बेरीज, दुसऱ्यावर शेजारच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरीची. रेघ सरळ गेली तर ठीक. एखाद्या वर्षी वाकून पुढे वेगळ्याच उताराने गेली, तर तिथे मालिका तुटली असं धरा.

स्वतःचा साधा पर्जन्यमापक बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. २०० चौ.सेमी तोंडाच्या मापकात १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलि पाणी, १०० चौ.सेमीच्यात १० मिलि. एका मापकाला दुसऱ्या तोंडाच्या मापकाची मोजनळी वापरली की पाऊस थेट दुप्पट किंवा निम्मा दिसतो, आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

ग्रिड डेटा फुकट, सलग आणि जुना: पाऊस १९०१ पासून ०.२५ अंशाच्या चौकोनांत, तापमान १९५१ पासून १ अंशाच्या. ०.२५ अंश म्हणजे सुमारे २७ किमी, १ अंश म्हणजे ११० किमीच्या आसपास. तालुक्याचा कल किंवा दुष्काळाची वर्षं शोधायला पावसाचा ग्रिड उत्तम, पण एका दिवसाचा विक्रमी पाऊस त्यात सपाट होतो. तापमानाचा चौकोन तर जवळपास जिल्हाभर पसरतो, त्यावरून बागेची थंडी ठरवू नका. गहाळ नोंदीसाठी पावसात −९९९ आणि तापमानात ९९.९ लिहिलेलं असतं. ते न काढता सरासरी घेतली की मेचं तापमान हास्यास्पद होतं. नासाचं पॉवर हे संकेतस्थळ त्याहून सोपं, नकाशावर टिचकी मारली की १९८१ पासूनचा तक्ता. मात्र तो प्रारूपातून, म्हणजे संगणकाच्या गणितातून आलेला आहे, केंद्रावर मोजलेला नाही. तापमानाची पोकळी भरायला चालेल, पावसाला शक्यतो नको.

पोकळीबद्दलही नियम पाळा. महिन्यात ११ किंवा अधिक दिवस, किंवा सलग ५ दिवस गहाळ असतील, तर त्या महिन्याची तापमान-सरासरी जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार काढत नाहीत. पावसाच्या बेरजेला तर सगळे दिवस हवेत, कारण गहाळ दिवसाला शून्य धरणं म्हणजे पाऊस खाऊन टाकणं. शिवाय कमाल-किमान मिळवून दोनाने भागलेलं सरासरी तापमान आणि स्वयंचलित केंद्राच्या दिवसभरातल्या दहा-दहा मिनिटांच्या १४४ नोंदींची सरासरी एक नसते. तुलना करताना दोन्हीकडे एकच रीत ठेवा.

आता निवड. बहार ठरवायला कल वेधशाळेच्या मालिकेवरून घ्या आणि मंडळाच्या आकड्यांनी दुरुस्त करा. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरचा, त्यामुळे हस्त बहारासाठी (सप्टेंबर-ऑक्टोबरात धरायचा बहार) बागेला ताण बसेल का, म्हणजे तिचं पाणी तोडता येईल का, हा प्रश्न त्या एका महिन्यावरच अडतो, आणि तो मंडळागणिक बदलतो. प्रबंधाला वेधशाळा, जोडीला पावसाचा ग्रिड. हवामान आधारित फळपीक विम्यात मात्र निवडीला जागाच नाही: भरपाई मंडळाच्या संदर्भ केंद्रावरच्या नोंदीने ठरते, तुमच्या बांधावरच्या मापकाने नाही. म्हणून विमा भरतानाच पावतीवरचं मंडळ गट नंबराशी जुळवा. राहतं गाव एका मंडळात आणि बाग दुसऱ्यात असेल, तर चुकीच्या केंद्राचा पाऊस तुमच्या नावावर लागतो.