घरगुती बिअर नितळ करण्यासाठी जिलेटिन पावडर: वापरानंतरचा अभिप्राय

बिनचवीची, बिनरंगाची साधी जिलेटिन पावडर मी घरी केलेल्या फिकट एलमध्ये (एल हा बिअरचाच एक प्रकार) वापरली आणि जी बिअर आठवडाभर थंड ठेवूनही गढूळच राहिली होती, ती दोन दिवसांत काचेसारखी नितळ झाली. बिअरच्या आम्लतेत जिलेटिनवर धन भार असतो आणि बिअर आंबवणाऱ्या यीस्टच्या पेशींवर ऋण, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटून जड गुठळ्या होतात व तळाशी बसतात.

सुमारे २० लिटर बिअरला अर्धा ते एक चहाचा चमचा पावडर पुरते. ती थोड्या गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावी, मग ढवळत ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी. उकळी मात्र येऊ देऊ नये, कारण त्याने जिलेटिनची ताकद कमी होते. मग हे मिश्रण बिअरमध्ये ओतावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिअर आधीच शून्य ते चार अंशांपर्यंत थंड केलेली हवी. थंडीमुळे प्रथिने आणि पॉलिफेनॉल (वनस्पतींतील तुरट द्रव्ये) यांचा जो धूसरपणा तयार होतो, तो तयार झाल्यावरच जिलेटिन त्याला खाली ओढू शकते. ही पायरी मी पहिल्या खेपेस गाळली होती आणि निकाल अर्धवटच लागला.

चवीत मला फरक जाणवला नाही. बाटलीत फेसासाठी लागणारा वायू तयार होण्याइतके यीस्टही उरते. स्टार्चमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे आलेला गढूळपणा मात्र याने जात नाही, आणि गव्हाच्या बिअरमध्ये तर गढूळपणा हवाच असतो, म्हणून तिच्यात ही पावडर घालूच नये. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, म्हणून शाकाहारी पाहुण्यांना ते आधी सांगणे मी आवश्यक मानतो.