कस्टम लूप, एआयओ की साधा एअर कूलर? आधी ग्राफिक्स कार्डाकडे बघा

कॉम्प्युटर थंड ठेवायला पंप, नळ्या आणि पाणी निववणारा रेडिएटर सुटे आणून जोडलेली पाण्याची फेरी म्हणजे कस्टम लूप. ‘लूप बांधू का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, त्यात ग्राफिक्स कार्ड घेणार आहेस का? ‘नाही, फक्त प्रोसेसर’ असं उत्तर आलं तर माझ्यापुरता विषय तिथेच मिटतो. चांगला एअर कूलर घ्या, नाहीतर ३६०चा एआयओ (भरून बंद करून आलेला तयार पाण्याचा कूलर; ३६० म्हणजे १२० मिमीच्या तीन पंख्यांचा रेडिएटर) घ्या आणि उरलेल्या पैशांत मोठी एसएसडी टाका.

हल्लीच्या प्रोसेसरमध्ये सगळी उष्णता लहानशा चिपमधून निघते आणि वर धातूचं झाकण असतं. उष्णता पाण्यापर्यंत पोचायच्या आधी तिथेच अडकते. मागे केवढाही रेडिएटर लावा, ही अरुंद वाट काही रुंद होत नाही. २०२२ साली आलेले रायझन ७००० मालिकेचे वरचे प्रोसेसर तर पूर्ण भार पडला की ९५ अंशांपर्यंत चढण्याच्या हिशेबानेच बनवलेत. त्यांना जास्त थंडावा दिला तर तापमान उतरण्याऐवजी वेग किंचित वाढतो. एवढ्यासाठी लूप बांधणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

कार्डाची गोष्ट वेगळी. त्याची चिप मोठी, वर झाकण नाही, वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) थेट तिच्यावर बसतो. शिवाय खरी भट्टी तीच असते: कोअर आय९-१४९००के प्रोसेसरची ठरलेली मर्यादा २५३ वॅटची, तर आरटीएक्स ४०९० कार्डाची ४५० वॅटची. गेम खेळताना जो घुर्र आवाज येतो तोही बहुतेक वेळा कार्डाच्याच पंख्यांचा. लूपमुळे तो बंद होतो. मला विचाराल तर लूपची खरी कमाई हीच, तापमानाचे आकडे त्यानंतर.

एअर कूलरबद्दल फार बोलण्यासारखं नाही आणि तेच त्याचं मोठेपण. बिघडलाच तर पंखा बिघडतो, तो पाच मिनिटांत बदलता येतो. तोटे दोन: दोन टॉवरचा (पात्यांचे दोन मनोरे असलेला) कूलर किलोभराच्या पुढे जातो आणि रॅमवर ओणवा होऊन बसतो. गंमत म्हणजे त्याच्या उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या हीट पाइपमध्येही थेंबभर पाणी असतंच!

एआयओ बसवायला सोपा आणि दिसायला सुटसुटीत. पण तो बंद डबा आहे. नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं कणाकणाने उडत राहतं, आत हवा साठते आणि बहुतेक एआयओंमध्ये ते पुन्हा भरायची सोयच नसते. पंप गेला तर रेडिएटर ठणठणीत असूनही सगळं भंगारात. घेतलात तर एक पाळा: साठलेली हवा वरच जाते, म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहू द्या.

आता लूपचा हिशेब. पंप, टाकी, ब्लॉक आणि रेडिएटर सगळे मोजतात, नळी जोडायची फिटिंग विसरतात. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि टाकी-पंपाची जोडी धरली तर प्रत्येकाला दोन म्हणजे दहा फिटिंग झाली, त्यावर कोनात वळणारी फिटिंग आणि पाणी काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह. बजेट इथेच फुटतं. समाधान एवढंच की जवळपास सगळ्यांचे आटे जी १/४ मापाचे असतात, त्यामुळे एका कंपनीचा पंप दुसऱ्याच्या रेडिएटरला चालतो आणि पुढच्या दोन-तीन मशिनींतही कामाला येतो. कार्डाचा ब्लॉक मात्र त्या कार्डाबरोबरच निवृत्त होतो.

रेडिएटर किती? पंखे हळू फिरवायचे असतील तर १२० मिमीच्या दर भागाला साधारण १०० वॅट धरा. वर सांगितलेल्या प्रोसेसर-कार्डाच्या जोडीचे ७०३ वॅट होतात. दोन ३६० म्हणजे सहा भाग, कागदावर थोडे अपुरे. पण गेममध्ये दोघेही एकदम टोकाला जात नाहीत, त्यामुळे भागतं. तांब्याच्या ब्लॉकसोबत अॅल्युमिनियमचा रेडिएटर मात्र स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की अॅल्युमिनियम झिजायला लागतं.

पाणी आधी कार्डातून न्यावं की आधी प्रोसेसरमधून, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ताशी २०० लिटर पाणी फिरत असेल तर ४५० वॅटचं कार्ड ओलांडताना ते जेमतेम २ अंशांनी तापतं. ज्या क्रमाने नळी सोयीची, तो क्रम. टाकी तेवढी पंपाच्या आधी आणि वर हवी, पंप कोरडा फिरता कामा नये.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाला बांधा. प्रोसेसर ब्राउझर उघडताच उसळी मारतो, पाणी मात्र सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर लहानसा असतो, पण लूप शांत वाटण्यात अर्धा वाटा त्याचा.

मऊ नळी की कडक? पहिल्या लूपला मऊच. कात्रीने कापा, फिटिंगवर चढवा, चुकलं तर पुन्हा कापा. त्यातही काळी ईपीडीएम रबराची घ्या. पारदर्शक मऊ नळ्यांमधला, त्यांना मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर सुटून ब्लॉकच्या बारीक खाचांत बसू शकतो. कडक नळी सुंदर दिसते, यात वाद नाही. पण हीट गनने वाकवताना निम्मी वाया जाते. पीईटीजी प्लॅस्टिकची नळी लवकर वळते पण गरम पाण्याला कच्ची, अॅक्रिलिक उष्णतेला टिकतं पण कापताना तडकतं.

दर वर्षी पाणी बदलायची तयारी ठेवा. डिस्टिल्ड पाणी, त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं द्रव्य, एवढं पुरे. दुधाळ रंगाची द्रावणं फोटोत झकास दिसतात आणि नंतर खाचांत साका धरतात.

माझ्या पहिल्या लूपला मी गुलाबी द्रावण भरलं होतं. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर (बाकी कॉम्प्युटर चालू न करता सप्लाय सुरू करणारी जोडणी) लावला, वीज फक्त पंपाला दिली, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवला आणि रात्रभर चालू सोडलं. झोपताना सगळं कोरडं होतं. सकाळी कार्डाखालच्या टिश्यूच्या एका कोपऱ्यावर नखाएवढा गुलाबी डाग. फिटिंग उघडलं तर पाणी अडवणारी रबराची ओ-रिंग चिमटली होती, माझ्याच हाताने पिळून घट्ट केलेली. दुरुस्तीसाठी पाणी काढायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ड्रेन व्हॉल्व्ह लावायचाच राहिलाय. मग कॅबिनेट कवेत घेऊन बाथरूममध्ये उभा राहिलो, तिरकं धरून, पाणी थांबेपर्यंत.